आधी अर्थिंग, मग ड्रायर

नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या महामार्गाने कामठी ओलांडली की कन्हान नदीचा पूल लागतो आणि पुलापलीकडे कन्हान गाव सुरू होतं. नदी सातपुड्यातून, छिंदवाड्याकडून येते. गावाच्या आजूबाजूला वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कामठी, इंदर, गोंडेगाव अशा कोळशाच्या खाणी, तर पश्चिमेला खापरखेडा आणि कोराडीची औष्णिक वीज केंद्रं. या पट्ट्यातल्या बाईला कपडे वाळवणं हे काम बारा महिने वेगवेगळं छळतं. उन्हाळ्यात कपडा तासाभरात कडक वाळतो, पण पांढरी बनियन वाळेपर्यंत धुळीने करडी होते. पावसाळ्यात धूळ खाली बसते, पण कपडा तीन-तीन दिवस वाळत नाही.

नागपूरच्या हवेची ही दोन टोकं फार लांब आहेत. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दुपारी हवा इतकी कोरडी असते की ओल्या जीन्सचा खिसासुद्धा ओला राहत नाही. मग जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत मुक्काम करतो. झडीच्या दिवसांत हवेची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते. हवेतच पाणी भरलेलं असलं तर कपड्यातलं पाणी जाणार कुठे? दुसऱ्या दिवशी टॉवेलला आंबूस वास मारू लागतो. हा वास कपडा नीट धुतला नाही म्हणून येतो असं समजून बायका पुन्हा धुतात, पण दोष धुण्यात नसतो. कापडात राहिलेल्या ओलीवर जिवाणू वाढतात. ‘मोराक्सेला ऑस्लोएन्सिस’ नावाचा एक जिवाणू या वासासाठी विशेष बदनाम आहे. कपडा लवकर वाळला तर त्याला वाढायला वेळच मिळत नाही. म्हणजे कपडे लवकर वाळवणं ही चैन नाही. घरात तान्हं बाळ असेल, दम्याचा माणूस असेल, एकाच गणवेशावर आठवडा काढणारं शाळकरी पोर असेल, तर ती गरज आहे.

ही गरज आजवर ज्या-ज्या मार्गांनी भागली, त्यांतला प्रत्येक मार्ग कुठे ना कुठे जिवाशी येतो, आणि कन्हानसारख्या गावात सगळ्यात स्वस्त मार्ग सगळ्यात घातक आहे. म्हणून ड्रायर कोणता घ्यावा हे सांगण्याआधी मला तारेबद्दल सांगायचं आहे.

छपरीत किंवा परसात कपडे वाळत घालायला जी. आय. तार ताणलेली असते. एक टोक भिंतीतल्या खिळ्याला, दुसरं टोक टिनाच्या शेडच्या लोखंडी पाइपाला. त्याच शेडवरून किंवा शेडला घासून खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर गेलेली असते. वीस वर्षांच्या उन्हाने त्या वायरचं वरचं कवच ठिसूळ होतं, वाऱ्याने वायर पत्र्याच्या कडेवर घासत राहते, आणि एका पावसाळी सकाळी तांबं किंवा अ‍ॅल्युमिनियम उघडं पडून पत्र्याला टेकतं. आता पत्रा जिवंत, पाइप जिवंत आणि पाइपाला बांधलेली तारही जिवंत. पाहून काही कळत नाही. दिवे नीट लागलेले असतात, पंखा फिरत असतो. बाई अनवाणी, ओल्या जमिनीवर उभी राहून हातातलं ओलं लुगडं तारेवर टाकते. तिला चिकटलेलं पाहून नवरा किंवा मुलगा धावतो आणि तिला ओढायला हात घालतो. पावसाळ्यातल्या वर्तमानपत्रांत ‘कपडे वाळत घालताना विजेचा धक्का’ या मथळ्याखाली एकाच घरातली दोन माणसं गेल्याची बातमी येते, ती अशी. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२१ या एका वर्षात देशात विजेच्या धक्क्याने साडेबारा हजारांच्या आसपास माणसं मेली. त्यांतली कपड्यांच्या तारेवर किती गेली हे वेगळं मोजलं जात नाही. पण महावितरण दर पावसाळ्यात जे आवाहन काढतं, त्यात विजेच्या खांबाला किंवा तारेजवळ कपड्यांची तार बांधू नका ही सूचना असते, आणि ती उगाच नसते.

यातला एक मुद्दा फार थोड्यांना माहीत असतो. घरातल्या बोर्डात गळती ओळखणारं स्विच बसवलं, ज्याला वायरमन आरसीसीबी म्हणतात, तरी या अपघातातून ते वाचवत नाही. ते स्विच आपल्या पुढे गेलेल्या वायरिंगवर लक्ष ठेवतं. सर्व्हिस वायर त्याच्या अलीकडे, मीटरच्याही अलीकडे असते. तिथे गळलेली वीज त्याला दिसतच नाही. म्हणून इथे यंत्र कामाचं नाही, दोरी कामाची आहे. नायलॉनची दोरी लावा, लोखंडी तार काढून टाका. वरून प्लास्टिक चढवलेली तारही नको, कारण प्लास्टिक उन्हाने तडकलं की आत तीच तार आहे. सर्व्हिस वायर पत्र्याला घासत असेल तर स्वतः काठीने सारू नका. १९१२ वर महावितरणला कळवा आणि माणूस येईपर्यंत त्या शेडला हात लावू नका. कोणी चिकटलंच तर आधी खटका बंद करा. पण वीज सर्व्हिस वायरमधून आली असेल तर घरचा खटका पाडूनही ती थांबत नाही, म्हणून कोरड्या पायांनी, कोरड्या लाकडी फळीवर उभं राहून, कोरड्या बांबूनेच माणूस बाजूला करायचा. हे घरातल्या पोरांनाही शिकवून ठेवलं पाहिजे.

कोळशाच्या गावात आणखी एक जुनी सोय आहे. सिगडी पेटवायची, धूर विझला की घरात आणायची, तिच्यावर बांबूची टोपली पालथी घालायची आणि टोपलीवर बाळाची लंगोटं, दुपटी पसरायची. बाळंतिणीच्या खोलीत ही टोपली पिढ्यान्‌पिढ्या होती. पुष्कळांना हे ऐकून आश्चर्य वाटेल की युरोपातला पहिला ड्रायर याच कल्पनेवर निघाला. साधारण १८०० च्या सुमारास फ्रान्समध्ये पोशाँ नावाच्या माणसाने भोकं पाडलेलं धातूचं पिंप केलं. त्यात ओले कपडे भरायचे, खाली विस्तव ठेवायचा आणि हाताने दांडा फिरवत राहायचं. कपड्यांना धुराचा वास लागायचा, कधी ते जळायचेही. पुढे अमेरिकेत १८९२ मध्ये जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय संशोधकाने उघड्या विस्तवाऐवजी शेगडीच्या उष्णतेवर चालणाऱ्या ड्रायरचं पेटंट घेतलं. नॉर्थ डाकोटाच्या बर्फात आईला कपडे वाळत घालावे लागू नयेत म्हणून रॉस मूर याने शेडमध्ये चूल आणि पिंप जोडून यंत्र केलं, आणि त्याच्याच कल्पनेवरचा विजेवर चालणारा ड्रायर १९३८ मध्ये बाजारात आला.

सिगडीचा धोका मात्र विस्तवाइतकाच धुराविना येणाऱ्या वायूचा आहे. कोळसा लालबुंद झाला, धूर थांबला, म्हणजे हवा स्वच्छ झाली असं आपण धरतो. प्रत्यक्षात धगधगत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. पावसामुळे खिडक्या बंद, आत ओले कपडे, सिगडी आणि झोपलेली माणसं, अशा खोलीत डोकं जड होतं, मळमळतं आणि माणूस झोपेतच जातो. बाळाचं दुपटं वाळवायला सिगडी बंद खोलीत नेऊ नये, मग आजी काहीही म्हणो. तिच्या काळची घरं कौलारू होती, कौलांच्या फटींतून हवा खेळायची. आजच्या स्लॅबच्या खोलीत ती फट नाही.

याहून बरी युक्ती नागपुरी घरांत आहे: कूलरमध्ये पाणी न टाकता नुसता पंखा चालवायचा आणि त्याच्यासमोर घोडीवर कपडे पसरायचे. हवा गरम नसली तरी वाहती असली की कपडा लवकर सुकतो. फक्त कूलरचा पत्रा अर्थिंगला जोडलेला पाहिजे आणि ओला कपडा त्या पत्र्याला टेकता कामा नये. कूलरच्या पत्र्यात करंट उतरून विदर्भात दर उन्हाळ्यात जीव जातात. पाणी नाही म्हणून पावसाळ्यात तो सुरक्षित होत नाही.

आता यंत्राकडे वळू. कन्हानच्या घरांत सर्वांत जास्त असलेलं यंत्र म्हणजे दोन टबांचं अर्ध-स्वयंचलित मशीन, आणि त्याच्या उजव्या किंवा डाव्या बाजूचा तो अरुंद, उंच टब. त्यात कपडे वाळत नाहीत, पिळले जातात. पण काय ताकदीने! टब मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे घेतो. दहा-बारा सेंटिमीटर त्रिज्येच्या टबाच्या भिंतीवर त्या वेगाला कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पटींहून जास्त जोर येतो. हाताने कितीही पिळलं तरी असा जोर येत नाही, म्हणून तो कपडा पंख्याखाली तासा-दोन तासांत वाळतो. हाच जोर झाकण उघडं असताना बोटांवर आला तर हाड राहत नाही.

त्यासाठी झाकणाखाली एक छोटा स्विच आणि एक ब्रेक असतो. झाकण उचललं की मोटरचा पुरवठा तुटतो, तार ढिली पडून ब्रेकची पट्टी टबाच्या तळच्या चाकावर आवळते आणि टब काही क्षणांत थांबतो. कधी स्विच बिघडतो, कधी ब्रेकची तार तुटते. मशीन फिरेनासं झालं की कोणी ओळखीचा मिस्त्री येतो आणि झाकणाच्या स्विचच्या दोन वायरी सरळ जोडून देतो. मशीन पुन्हा फिरतं, पैसे कमी लागतात, सगळे खूश. पण त्या दिवसापासून झाकण उघडं असतानाही टब फिरतो, आणि घरातलं चार वर्षांचं पोर त्यात हात घालायला एका क्षणाचाच अवकाश असतो. ही ‘डायरेक्ट’ जोडणी कोणी करून देत असेल तर त्याला थांबवा. नवा स्विच फार महाग नसतो, आणि महाग असता तरी हेच म्हणावं लागलं असतं.

पिळण्याच्या टबाची दुसरी दुखणी साधी आहेत. कपडे एका बाजूला गोळा झाले की मशीन थयथय नाचतं. एक जाड चादर आणि दोन रुमाल एकत्र टाकू नयेत. कपड्यांवर ती प्लास्टिकची जाळीदार चकती दाबून ठेवलीच पाहिजे, नाहीतर ओढणीचं टोक वर येऊन टबाबाहेर गुंडाळतं. तळाचं रबरी सील झिजलं की पाणी मोटरवर गळतं. मशीनखाली पाण्याचं डबकं दिसू लागलं आणि ते नळीतून येत नसेल, तर मशीन वापरणं त्याच दिवशी थांबवावं. मागची बाजू आणि तळ उघडा असतो. उंदीर आणि खार तिथूनच शिरतात, वायरीचं कवच कुरतडतात. मशीनच्या पत्र्याला हात लावला की ‘झिणझिण्या येतात’ असं घरात कोणी म्हणालं तर त्यावर हसण्यासारखं काही नाही. झिणझिण्या म्हणजे गळती, आणि ओल्या मोरीत त्या कधी झटका होतील सांगता येत नाही.

गेल्या काही वर्षांत गरम हवेचे खरे ड्रायर नागपूरच्या दुकानांत दिसू लागले आहेत, आणि तिथून ते कामठी-कन्हानच्या घरांत येतात. नोकरी करणारी जोडपी, फ्लॅटमध्ये राहणारी कुटुंबं, बाळ झालेलं घर, यांचा त्याकडे कल आहे. माझं म्हणणं असं की हा खर्च समजून करावा. यात किती वीज जाते हे आधी पाहा. पाणी उडवायला ऊर्जा लागतेच, तिच्यातून सुटका नाही: एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण दोन-तृतीयांश युनिट वीज खर्च होते. सात किलो सुती कपडे धुवून मिनिटाला आठशे फेऱ्यांवर पिळले तर त्यांत जवळपास पाच किलो पाणी उरतं. तेच चौदाशे फेऱ्यांवर पिळले तर साडेतीन किलोच्या आसपास. म्हणजे ड्रायरची वीज वाचवायची असेल तर ती ड्रायरमध्ये नाही, आधीच्या पिळण्यात वाचते. जिच्या घरी चांगलं पिळणारं मशीन आहे तिचा ड्रायर कमी वेळ चालतो.

ड्रायर मुख्यतः तीन तऱ्हांचे. पहिला दमट हवा नळीने बाहेर फेकतो. दुसरा तीच वाफ आत थंड करून पाणी टाकीत साठवतो. या दोघांत हीटरचं वेटोळं असतं आणि ते दोन ते अडीच हजार वॉट ओढतात. तिसरा हीट पंपाचा. त्यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. हवेतली उष्णता तो बाहेर न फेकता पुन्हा-पुन्हा वापरतो. त्याला वीज निम्म्याहून कमी लागते आणि आतलं तापमानही कमी राहतं. वेळ मात्र जास्त लागतो आणि किंमतही जास्त आहे. पण दर पावसाळ्यात चार महिने वापर होणार असेल तर हीट पंपाचाच विचार करावा असं मला वाटतं, आणि त्यामागे बिलापेक्षा सुरक्षिततेचं कारण मोठं आहे: लाल होणारं हीटरचं वेटोळं त्यात नसतं. त्यातल्या नव्या यंत्रांत थंडावा देणारा वायू म्हणून प्रोपेन वापरतात, तो ज्वालाग्राही असतो. मात्रा थोडी असते, पण फ्रिजच्या कोणत्याही मिस्त्रीने ते उघडू नये. धुणं आणि वाळवणं एकातच करणारं मशीन घेतलं तर हे लक्षात ठेवा की ते जितकं धुतं त्याच्या निम्म्याच्या आसपासच वाळवतं. दहा किलो लिहिलेलं असलं तरी वाळवायला पाच-सहा किलो.

आता ते ठेवायचं कुठे आणि कशावर चालवायचं हा मुख्य प्रश्न. दुकानदार यंत्र विकतो, बसवणारा माणूस ते प्लगला लावून जातो. मधलं सगळं घरच्यांवर पडतं. आणि नेमकं मधल्याच भागात माणसं मरतात.

अडीच हजार वॉटचा ड्रायर २३० व्होल्टवर जवळपास अकरा अँपिअर ओढतो. घरातलं छोटं सॉकेट सहा अँपिअरचं असतं. त्यात तीन-पिनचा अ‍ॅडॉप्टर घालून ड्रायर चालवला तर पहिल्या दिवशी काही होत नाही. दोन महिन्यांनी सॉकेटचा रंग पिवळा पडतो. सैल झालेल्या जोडात अर्धा ओहम रोध जरी तयार झाला तरी अकरा अँपिअरवर तिथे साठ वॉट उष्णता एकाच ठिकाणी निघते. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचं सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच वॉटचं असतं, आणि ते शिसं वितळवतं. भिंतीतल्या प्लास्टिकच्या डबीत तीच उष्णता तास-दोन तास साठत राहते. म्हणून ड्रायरला सोळा अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट, त्याला बोर्डापासून आलेली किमान अडीच चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर आणि स्वतःचा एमसीबी हवा. एक्स्टेंशन बोर्ड नको, गीझरच्या किंवा कूलरच्या बोर्डातून घेतलेला जोडही नको. जुन्या घरांत अ‍ॅल्युमिनियमची बारीक वायर असते. तिच्या टोकाला नवं सॉकेट बसवलं म्हणजे काम झालं असं नाही, वायर बोर्डापासून बदलावी लागते. मीटरचा मंजूर भारही एकदा बिलावर पाहून घ्या. त्यापलीकडे जात असाल तर महावितरणकडे तो वाढवून घेता येतो.

अर्थिंगवर मला थोडं थांबायचं आहे, कारण विदर्भात हा विषय जमिनीशी जोडलेला आहे. घराच्या मागे कोळसा-मीठ घालून पुरलेला पाइप असतो, वर सिमेंटची डबी. घर बांधलं तेव्हा तो पुरला, नंतर डबीवर कुंडी आली आणि सगळे विसरले. इथली काळी माती ओली असते तेव्हा वीज चांगली वाहून नेते. एप्रिल-मेमध्ये मात्र तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाइपाशी तिचा संपर्क सुटतो. अशा वेळी अर्थिंगचा रोध वीस ओहम झाला असं धरा. ड्रायरच्या पत्र्याला फेज टेकला तर जमिनीत जाणारा करंट होतो साडेअकरा अँपिअर. सोळा अँपिअरचा एमसीबी त्यावर कधीच पडत नाही! पत्रा जिवंतच राहतो. एमसीबी आहे म्हणून आपण सुरक्षित, या समजुतीत फार घरं आहेत. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवतो तो तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी. आलेला आणि परत गेलेला करंट यांत हजारांश अँपिअरात मोजण्याइतका फरक पडला तरी तो क्षणात पुरवठा तोडतो. दोन्ही हवेत, आणि अर्थिंगही हवं. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. दर महिन्याला ते दाबा. दाबल्यावर पडला नाही तर तो नुसता शोभेचा आहे.

एक वाईट खोड इथे स्पष्ट सांगतो. अर्थिंग नसलेल्या घरात काही वायरमन सॉकेटच्या आत न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनला जोडून टाकतात. टेस्टरला सगळं ठीक दिसतं. ज्या दिवशी खांबावर किंवा बोर्डात न्यूट्रल सुटेल, त्या दिवशी ड्रायरचा अख्खा पत्रा फेजवर येईल. घरात असं केलं आहे का, हे वायरमनला सॉकेट उघडून दाखवायला सांगा. त्याला राग आला तरी चालेल.

जागा कोरडी असावी, न्हाणीघरात नसावी, आणि हवा खेळती असावी. कपाटात दार लावून ड्रायर चालवू नये. बाहेर हवा फेकणारा असेल तर त्याची चार इंची नळी शक्य तितकी आखूड आणि सरळ ठेवा. अमेरिकेच्या बांधकाम नियमांत अशी नळी साधारण पस्तीस फुटांपर्यंत चालते आणि प्रत्येक काटकोनी वळणाला त्यातले पाच फूट कमी धरतात. चुन्या घातलेली प्लास्टिकची नळी नको, गुळगुळीत धातूची हवी, कारण चुन्यांत तंतू अडकतात. बाहेरच्या तोंडाला जाळी बसवली तर चिमण्या येणार नाहीत, पण तंतूंनी ती बुजते. उघडझाप करणारं झाकण बरं.

तंतू, म्हणजे कापडाचा भुसा, हाच या यंत्राचा खरा शत्रू. दारात किंवा दारामागे बारीक जाळीचा फिल्टर असतो. पहिल्या वेळेनंतर तो बाहेर काढून पाहा: फिकट निळसर-करडा, मऊ, पापुद्र्यासारखा थर सुटून येतो. तो चिमटीत धरला तर वजन जाणवत नाही, आणि काडी लावली तर क्षणार्धात भपकन पेटून नाहीसा होतो. दर वेळी, प्रत्येक वेळी तो काढायचा. काढला नाही तर हवा अडते, यंत्र जास्त तापतं आणि जाळी चुकवून गेलेला भुसा आत हीटरजवळ साचतो. अमेरिकेत २००८ ते २०१० या काळात घरगुती ड्रायरच्या दरवर्षी सुमारे २९०० आगी लागल्या, आणि त्यांच्या कारणांत यंत्र साफ न करणं हे सर्वांत वरचं होतं. लंडनमध्ये ऑगस्ट २०१६ मध्ये शेफर्ड्स बुश भागातल्या अठरा मजली शेफर्ड्स कोर्ट इमारतीत आग लागली ती एका फ्लॅटमधल्या ड्रायरमुळे. त्या बनावटीत भुसा हीटरवर पडून पेटण्याचा दोष आहे हे त्याआधीच्या वर्षी व्हर्लपूल कंपनीने जाहीर केलं होतं. दुरुस्ती होईपर्यंत घरात माणूस असतानाच ड्रायर वापरा एवढाच सल्ला ग्राहकांना मिळाला होता. यंत्रं परत मागवण्याचा निर्णय २०१९ मध्ये झाला. त्या शहरात राहणारी मराठी कुटुंबं असेच ड्रायर वापरतात, आणि सुटीत घरी आल्यावर भावा-बहिणीला घ्यायला सांगतात. त्यांनी हेही सांगावं की रात्री लावून झोपायचं नाही आणि चालू ठेवून बाजारात जायचं नाही.

मराठी घरांसाठी एक गोष्ट मला ठळक सांगायची आहे. विदर्भात जवसाचं तेल स्वयंपाकात, चटणीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतं, आणि तसं होताना उष्णता सोडतं. तेलाने भिजलेलं फडकं ढिगात दाबून ठेवलं तर ती उष्णता बाहेर पडत नाही, वाढत जाते, आणि कोणी काडी न लावता फडकं पेटतं. सुतारांना हे ठाऊक असतं, पॉलिशला वापरलेली फडकी ते पसरून वाळवतात. सोयाबीन आणि सूर्यफुलाचं तेल यात जवसाइतकं तेज नाही, पण ड्रायरच्या उष्णतेत तेही त्याच वाटेने जातं. थंड पाण्यात धुतल्याने तेल पूर्ण निघत नाही. तेव्हा स्वयंपाकघरातली तेलकट फडकी, बाळाच्या मालिशचा टॉवेल, डोक्याला तेल लावणाऱ्याच्या उशीची खोळ ड्रायरमध्ये टाकू नका. खाणीच्या वर्कशॉपमधून आलेले ग्रीस-डिझेलचे कपडे तर मुळीच नको. पेट्रोलने डाग काढलेली पॅंट, फोमचे पॅड, रबरी सोलचे बूटही नको. ते कपडे दोरीवर, पंख्याखाली. आणि मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे उलटे करा. इथल्या खिशात लायटर निघतो, काडेपेटी निघते, खर्ऱ्याची प्लास्टिक पुडी निघते. ड्रमच्या आतही एकदा डोकवा, कारण थंडीत मांजर उबेला आत जाऊन बसतं.

बाकी देखभाल थोडक्यात. वाफेचं पाणी साठणारी टाकी दर वेळी रिकामी करायची. ते पाणी पिण्याचं नाही, झाडांना चालतं. हवा थंड करणारा भाग काढता येत असेल तर महिन्यातून एकदा नळाखाली धुवायचा, हीट पंपाचा असेल तर मऊ ब्रशने पुसायचा. ड्रममधली ओल ओळखणारी पट्टी कापड मऊ करणाऱ्या द्रवाने चिकट होते, ती अधूनमधून ओल्या फडक्याने पुसली नाही तर यंत्राला कपडे वाळले हे कळतच नाही आणि ते चालतच राहतं. रेशीम, लोकर, खादी यांना आत घालू नये, सुती कुर्ता थोडा आटतोच.

शेवटची काही मिनिटं ड्रायर कपड्यांना नुसती थंड हवा देतो. ती मिनिटं माणसं कंटाळून तोडतात आणि गरम कपड्यांचा गठ्ठा तसाच बाहेर काढून टोपलीत दाबतात. तसं करू नका. कन्हानमध्ये तर वीज मध्येच जाण्याचा प्रश्न आहे. पावसात फीडर बंद पडला आणि ड्रायर थांबला, तर आतला ढीग गरमच राहतो, थंड हवेची पाळी त्याला मिळत नाही. अशा वेळी इन्व्हर्टरवर ड्रायर चालू करायचा नाही, तेवढी ताकद त्यात नसते. आधी प्लग काढायचा, म्हणजे परत वीज आल्यावर उसळलेला दाब यंत्राला लागत नाही. मग दार उघडायचं आणि एकेक कपडा झटकून नायलॉनच्या दोरीवर पसरायचा.